पूर्वजांच्या पुण्याईवर किती दिवस जगणार?

माझ्या हाताखाली शिकून आज हैदराबादेत मोठे झालेल्या विद्यार्थ्यांनो, हे पत्र कौतुकाचं नाही. कौतुक करणारे तुम्हाला पुष्कळ आहेत. कोणी गच्चीबावलीला मोठ्या हुद्द्यावर आहे, कोणाचा हिमायतनगरला दवाखाना आहे, कोणाची मुलं अमेरिकेत आहेत. मला या सगळ्याचा आनंदच आहे. पण गेली काही वर्षं तुमच्या घरांत, मंडळांत आणि लग्नकार्यांत जे बघते आहे त्यानं माझा जीव कातावला आहे. चूक दिसली की जागच्या जागी सांगायची, ही माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही पन्नाशीला आलात म्हणून ती मोडणार नाही. तेव्हा नीट बसा आणि शेवटपर्यंत ऐका.

तुम्ही भाषणं छान करता. माईक हातात आला की दोन मिनिटांत फुले, शाहू, आंबेडकर, कर्वे ही नावं येतात. त्यापाठोपाठ वामनराव नाईक आणि केशवराव कोरटकर येतात, 1907 साली सुरू झालेली विवेकवर्धिनी येते. निजामाच्या राज्यात, सरकारदरबारी उर्दूचा अंमल असताना, या माणसांनी मराठी मुलांसाठी शाळा उभी केली. त्यांचं कर्तृत्व डोंगराएवढं आहे, यात वाद नाही. माझा प्रश्न तुमच्या कर्तृत्वाचा आहे. त्यांच्या नावाचा जयघोष करून घरी परतता, तेव्हा उंबऱ्याच्या आत काय चालतं?

आपल्याच इतिहासातली एक गोष्ट तुम्ही कधी सांगत नाही. ती आज मी सांगते. नोव्हेंबर 1921. निजाम राज्याची सामाजिक परिषद विवेकवर्धिनीच्या सभागृहात भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. ज्यांनी 1893 साली विधवेशी लग्न करून बहिष्कार सोसला आणि 1916 साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं, तेच कर्वे. विषय समाजसुधारणेचा. जमलेले लोक शिकलेसवरलेले, वकील, शिक्षक, व्यापारी. इंग्रजीत, उर्दूत, मराठीत भाषणं झाली आणि लोकांनी ती मान डोलवत ऐकली. मग आलमपल्ली वेंकटरामराव नावाचे एक वकील ठराव मांडायला उभे राहिले आणि तेलुगूत बोलू लागले. ज्या शहरात आपण पोट भरायला आलो, त्या मुलखातल्या लोकांची ती भाषा. सभागृहात हुर्यो उडाली, टाळ्या पिटल्या गेल्या, त्या माणसाला बोलू दिलं नाही. हुर्यो उडवणाऱ्यांत आपली मराठी माणसं होती.

ही माणसं दुष्ट होती का? मुळीच नाही. ती सुधारणेसाठीच जमली होती. विधवेवर, अस्पृश्यांवर, अशिक्षित स्त्रीवर होणारा अन्याय त्यांना कळत होता. स्वतः करत असलेला अन्याय तेवढा कळत नव्हता. त्या अपमानानं दुखावलेले तेलुगू तरुण लगेच एकत्र जमले आणि त्यातून आंध्र जनसंघम् ही संघटना जन्माला आली. त्यांच्यातल्याच माडपाटी हनुमंतराव यांनी पुढे 1928 साली नारायणगुड्याला तेलुगू माध्यमाची मुलींची शाळा काढली. उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू, त्यामुळे त्या शाळेनं मान्यता घेतली ती कर्वे यांच्या महिला विद्यापीठाची. आपल्या लोकांनी ज्यांची टर उडवली त्यांनी मनात अढी न ठेवता आपल्याच महर्षींच्या विद्यापीठाचा हात धरला आणि मुली शिकवल्या. मोठेपणा कोणाचा ठरला, ते तुम्हीच सांगा. आणि आजही तुमच्या बैठकीत ‘हे तेलंगी लोक असेच’ म्हणून शेजाऱ्यांच्या उच्चारांच्या नकला होतात, तेव्हा शंभर वर्षांत आपण काय शिकलो तेही सांगा.

आता घरात येऊ.

संक्रांतीनंतरच्या एका हळदीकुंकवाला मी गेले होते. कुठल्या मंडळाचं ते सांगत नाही, कारण नाव घेतलं की बाकीची मंडळं सुटकेचा नि:श्वास सोडतील. पन्नासेक बायका होत्या. दारात अत्तर, गुलाबपाणी, आत हलव्याचे दागिने घातलेली लहान बाळं, वाण म्हणून स्टीलचे डबे. तिळाच्या वड्या सगळ्यांनी वाखाणल्या. त्या ज्या बाईंनी आदल्या दिवशी बसून थापल्या होत्या, त्यांचे यजमान करोनात गेले. त्या हॉलच्या कडेला उभ्या होत्या. तबक घेतलेली मुलगी एकेकीला कुंकू लावत त्यांच्यापर्यंत आली. क्षणभर थबकली आणि पुढच्या बाईकडे वळली. बाईंनी पदर सारखा केला आणि ‘पाणी बघते’ म्हणून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

ती तबकवाली माझी विद्यार्थिनी. बँकेत अधिकारी आहे, शंभर माणसांसमोर बोलू शकते. मी तिथल्या तिथे विचारलं, “का गं थांबलीस?” तर म्हणते, “बाई, माझं काही नाही हो. पण बाकीच्यांना काय वाटेल?” मग मी बाकीच्यांना विचारलं. त्याही म्हणाल्या, “आमचं काही नाही, पण मोठ्यांना चालणार नाही.” ज्या मोठ्या होत्या त्या म्हणाल्या, “आम्ही कुठे अडवलं? हल्लीच्या मुलीच लावत नाहीत.” म्हणजे त्या हॉलमध्ये या रीतीचा कैवार घेणारी एकही बाई नव्हती, आणि तरी ती रीत पन्नास जणींनी मिळून पाळली. एका बाईला तिच्या दु:खाची शिक्षा दिली आणि शिक्षा देणारी कोणीच नाही!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड माहीत आहे का? तिथल्या ग्रामसभेनं मे 2022 मध्ये ठराव केला की नवरा वारल्यावर बायकोचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवायची नाहीत. महाराष्ट्र सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ऊस पिकवणाऱ्या गावाला जे जमलं ते हायटेक सिटीतल्या तुमच्या सोसायटीला जमत नाही? तुमच्याकडे पदव्या आहेत. हेरवाडकडे पाठीचा कणा निघाला.

तुमच्या मुलींचं घ्या. आठवी-नववीतली मुलगी शाळेत जीवशास्त्राच्या पेपरात मासिक पाळीचं उत्तर बिनचूक लिहिते, पैकीच्या पैकी गुण आणते आणि घरी गौरी-गणपतीच्या दिवसांत तिला कोपऱ्यातल्या चटईवर बसवतात. ‘देवाला शिवू नकोस, लोणच्याला हात लावू नकोस.’ तिच्या धाकट्या भावाला सांगतात, ‘तिला कावळा शिवलाय.’ त्या दिवशी त्या मुलाला तुम्ही काय शिकवता, याचा विचार केलात? बहीण अधूनमधून अपवित्र होते, हे त्याला सहाव्या वर्षी कळतं. पुढे तो कार्यालयात बाईच्या हाताखाली काम करताना तोंड वाकडं करतो, बायकोवर आवाज चढवतो, तेव्हा ‘हल्लीची पिढी बिघडली’ म्हणून रडायचा अधिकार तुम्हाला नाही.

जातीबद्दल तर तुम्ही बोलतच नाही. ‘आमच्यात असलं काही नसतं’ म्हणता. मग तुमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या ओट्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर तो वेगळा स्टीलचा पेला आणि काठाला टवका गेलेली बशी कोणाची? धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईची. ती तुमच्या घरातलं प्रत्येक भांडं घासते, तुमच्या देवाची समईसुद्धा घासते. पण चहा प्यायची वेळ आली की तिचा पेला वेगळा, आणि तोही तिनंच धुऊन पालथा घालायचा. विचारलं तर कारण स्वच्छतेचं सांगता. ज्या हातांनी तुमची ताटं स्वच्छ होतात, ते हात पेल्यापाशी येऊन अस्वच्छ कसे होतात, हे मला एकदा कोणीतरी पटवून द्या. भाडेकरू ठेवताना आधी आडनाव विचारता आणि आडनावावरून अंदाज आला नाही की ‘मूळ गाव कुठलं?’ म्हणून खोदून विचारता. लग्नाच्या जाहिरातीत ‘उच्चशिक्षित, आधुनिक विचारांचे कुटुंब’ असं लिहून खालच्या ओळीत पोटजात घालता.

कोठीवरून तुम्ही कितीदा जाता-येता, पण शेजारच्या इसामिया बाजारात 1910 साली भाग्यरेड्डी वर्मा यांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? 1906 पासून हा माणूस या शहरात वस्त्यावस्त्यांतून फिरत होता. देवाला मुली सोडण्याच्या जोगिणी-मुरळीच्या प्रथेविरुद्ध त्यांनी हयातभर आवाज उठवला. आपल्या पूर्वजांची शाळा आणि त्यांची शाळा एकाच काळातल्या, एकमेकींपासून हाकेच्या अंतरावरच्या. एकीचा इतिहास तुम्ही स्मरणिकांत छापता, दुसरीचं नावही तुम्हाला ठाऊक नाही. 17 जानेवारी 2016 ला याच शहरातल्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला या विद्यार्थ्यानं जीव दिला, तेव्हाही तुमच्या गटांत पहिला वाद पेटला तो त्याची जात खरी कुठली यावर. एक तरुण गेला, हे त्या वादात कुठल्या कुठे राहिलं.

धर्माच्या आड लपू नका. धर्म मलाही ठाऊक आहे. एकादशीला तुमच्या भजनी मंडळात जनाबाई गायली जाते, मुक्ताबाई गायली जाते, चोखोबा गायला जातो. ज्या चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांचेच अभंग म्हणत तुम्ही टाळ वाजवता. पंढरपूरचं देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये दहा दिवस उपाशी राहावं लागलं. आणि त्याच पंढरपुरात 2014 साली, बडवे-उत्पात या पिढीजात पुजाऱ्यांचे हक्क सर्वोच्च न्यायालयानं संपवल्यावर, मंदिर समितीनं सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून पुजारीपणासाठी अर्ज मागवले. विठ्ठलाचा गाभारा बदलला. तुमचं देवघर अजून बदलत नाही.

इथलंच उदाहरण हवं? व्हिसा मिळावा म्हणून तुम्ही चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा घालता आणि काम झालं की एकशेआठ घालायला परत जाता. त्याच देवळाचे पुजारी सी. एस. रंगराजन यांनी 16 एप्रिल 2018 ला जियागुड्याच्या रंगनाथस्वामी मंदिरात एका दलित भक्ताला स्वतःच्या खांद्यावर बसवून, मिरवत, थेट गाभाऱ्यापर्यंत नेलं. वेदपठण केलेल्या, सोवळ्यातल्या ब्राह्मण पुजाऱ्यानं. त्यांचा धर्म बुडाला नाही. तुमचा धर्म एका पेल्यानं बुडतो?

पुढचा विषय पैशाचा आहे, आणि तिथे तुमचा आवाज एकदम खाली जातो. तुमच्यापैकी अनेकांची शेती अजून नांदेड, परभणी, उदगीरकडे आहे. वडील गेले की तेरावं झाल्यावर बहिणीला गोड बोलून तालुक्याच्या निबंधक कार्यालयात नेता आणि हक्कसोडपत्रावर सही घेता. तिला एक साडीचोळी, जेवायला पुरणपोळी आणि ‘माहेर तुटू देऊ नकोस’ एवढा दम. सही केली नाही तर दिवाळीला बोलावणं बंद. तुमची बहीण खुशीनं सोडते, म्हणता? मग तिच्या खुशीची परीक्षा घ्या. तिचा हिस्सा तिच्या नावावर करून द्या आणि मग ती तुम्हाला परत देते का ते बघा.

तुम्ही ज्या राज्यात वाढलात, त्या तेव्हाच्या आंध्र प्रदेशानं मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला तो 1985 पासून. महाराष्ट्रानं दिला 1994 साली आणि देशभर तो लागू झाला 2005 साली. वडील 2005 पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मानंच असतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला नि:संदिग्ध सांगितलं. हिंदू स्त्रीला हे हक्क मिळावेत म्हणून डॉ. आंबेडकर हिंदू कोड बिलासाठी झगडले आणि ते रखडवलं गेलं तेव्हा 1951 च्या सप्टेंबरात त्यांनी कायदामंत्रिपद सोडलं. तेव्हा सगळ्या हिंदू मुलींसाठी, म्हणजे तुमच्याही बहिणीसाठी, एका माणसानं मंत्रिपदावर पाणी सोडलं. त्याच आंबेडकरांना 12 जानेवारी 1953 ला उस्मानिया विद्यापीठानं सन्माननीय डॉक्टरेट दिली, म्हणून तुम्ही छाती फुगवून सांगता. त्यांनी मंत्रिपद सोडलं, तुम्हाला दोन एकर सोडवत नाहीत!

हे सगळं ऐकवलं की तुमच्यातला एकजण हटकून म्हणतो, “बाई, हे सगळं आपल्यालाच का? त्यांच्यात बघा काय चालतं.” ‘त्यांच्यात’ म्हणजे चारमिनारच्या बाजूला. बघते ना, मी चांगली डोळे उघडून बघते. जुन्या शहरात गरिबाघरच्या पोरी परदेशी म्हाताऱ्यांना लग्नाच्या नावानं विकल्या गेल्या, हे खरं. आणि त्याविरुद्ध उभी राहिली तीही तिथलीच बाई. उर्दू कवयित्री जमीला निशात यांनी 2002 साली ‘शाहीन’ संस्था काढली आणि गल्लीबोळांत जाऊन त्या मुलींना आधार दिला. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं 10 जुलै 2024 ला ठणकावून सांगितलं. तो खटला आपल्या तेलंगणातूनच गेला होता आणि लढणारी मुस्लिम स्त्रीच होती. 1966 साली हमीद दलवाई मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा घेऊन विधानभवनावर गेले, तेव्हा त्यांनीही ‘आधी हिंदूंचं बघा’ म्हटलं नव्हतं. आपल्या घरातली घाण काढायला ते उभे राहिले. तुम्ही शेजाऱ्याच्या घाणीकडे बोट दाखवता, ते स्वतःच्या हातात केरसुणी घ्यावी लागू नये म्हणून. वर्गात ‘बाई, त्यानंपण गृहपाठ केला नाही’ म्हणणाऱ्याला मी कधी सोडलं होतं का?

आणखी एक. सिकंदराबादच्या सिग्नलला तृतीयपंथी व्यक्ती दिसली की तुम्ही गाडीची काच वर घेता आणि मुलांसमोर हसता. या शहरात 1919 चा एक निजामकालीन कायदा होता. त्यात अशा माणसांची नोंदवही ठेवायची, आणि बायकी कपड्यांत किंवा दागिने घालून कोणी रस्त्यात दिसलं, किंवा रस्त्यात नाचता-वाजवताना आढळलं तर वॉरंटाशिवाय पकडायची मुभा होती. तो कायदा तेलंगणा उच्च न्यायालयानं रद्द केला जुलै 2023 मध्ये. निजाम गेला, राज्यं बदलली, तरी शंभर वर्षं तो पुस्तकात राहिला, कारण तुमच्या-आमच्यासारख्या कोणालाच त्याची टोचणी नव्हती. आता न्यायालयानं तो पुसला. तुमच्या हसण्यातून तो अजून पुसलेला नाही.

पुरुषांना वेगळं सांगते. हळदीकुंकू बायकांचं, पाळी बायकांची, कामवाली बायकांच्या अखत्यारीतली, असं म्हणून तुम्ही वर्तमानपत्रात तोंड घालून बसता. घरातला पैसा, जमीन आणि शेवटचा शब्द तुमच्याकडे आहे. विधवा आईला नातवाच्या लग्नात विहिणींच्या रांगेत बसवायचं, असं तुम्ही एकदा ठाम म्हणालात तर कोणाची छाती आहे नाही म्हणायची? तुम्ही म्हणत नाही, कारण या रीतींचा फायदा तुम्हालाच होतो. आणि बायकांनो, तुम्हीही ऐका. तुमच्या सासूनं तुम्हाला कोपऱ्यात बसवलं तेव्हा तुम्ही उशीत तोंड खुपसून रडलात. आता सून आली तर तीच चटई माळ्यावरून काढलीत. सोसलेल्या माणसाला दुसऱ्याचं दु:ख आधी कळायला हवं होतं.

तुमची सगळ्यांची सबब एकच आहे, ‘बाकीच्यांना काय वाटेल?’ या एका वाक्यानं विवेकवर्धिनीच्या सभागृहात एका माणसाचा आवाज दाबला गेला असेल. तिथेही चार माणसांना लाज वाटलीच असणार, पण उठून ‘त्यांना बोलू द्या’ म्हणायला ती धजावली नाहीत. समाज म्हणजे दुसरं कोणी नसतं. तुम्ही ज्यांना ‘बाकीचे’ म्हणता, त्यांच्या लेखी ‘बाकीचे’ तुम्हीच असता.

म्हणून आता गृहपाठ देते, आणि तो करून दाखवायचा आहे. येत्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाचं पहिलं कुंकू यजमान गेलेल्या बाईला लावायचं, आणि ते अध्यक्षीणबाईंनी लावायचं. घरातला वेगळा पेला उद्या सकाळी काढून टाकायचा आणि कामाला येणाऱ्या मावशींना बसायला खुर्ची देऊन आपल्याच कपात चहा द्यायचा. पाळीतल्या मुलीच्या हातानं घरच्या गणपतीची आरती करायची. बहिणीकडून घेतलेलं हक्कसोडपत्र आठवा आणि तिचा हिस्सा तिच्या नावावर करा. लग्नाच्या जाहिरातीतली पोटजातीची ओळ खोडा. तेलुगू न येणाऱ्यांनी ती शिकायला लागा. या शहरानं तुम्हाला दोन-तीन पिढ्या पोसलं आहे.

यातलं एकही काम करायला कायदा बदलावा लागत नाही, मोर्चा काढावा लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. मन मोठं करावं लागतं, आणि चारचौघांत पहिल्यांदा उभं राहावं लागतं. ज्यांना हे करायचं नाही त्यांनी निदान एवढं करावं, की पुढच्या कार्यक्रमात माईक हातात आल्यावर फुले, आंबेडकर आणि कर्वे यांची नावं घेऊ नयेत. ती माणसं जे बोलली ते जगली. जो तसं जगत नाही, त्याला ती नावं उच्चारायचा अधिकार नाही.